चिखलगाडीचे मीटर आणि वायरिंग : प्रस्तावना

सावनेरच्या शिवारातील काळ्या मातीत आषाढ-श्रावणात ज्याचे चाक एकदा रुतले आहे, त्याला चिखल म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु ही पुस्तिका पुण्या-मुंबईकडील वाचकांच्याही हाती पडण्याचा संभव असल्यामुळे, आरंभी त्या चिखलाचीच थोडी ओळख करून देणे इष्ट वाटते. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची युगानुयुगे झीज होऊन ही मृत्तिका तयार झाली. तिच्यातील माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आटली म्हणजे जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात; आणि वर्षाकाठच्या सुमारे 1100 मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस ज्या चार महिन्यांत कोसळतो, त्या चार महिन्यांत ती चाकाला, नांगराला आणि माणसाच्या निश्चयालाही सारख्याच निष्ठेने चिकटून राहते. पाण्याने भिजलेले यंत्र उन्हात ठेवले की तासाभरात कोरडे होते, चिखलाने माखलेले होत नाही. वरून पांढरा पडलेला थर नखाने उकरावा तो आत ओल शिल्लक असते, आणि ती ओल एखाद्या तारेच्या जोडावर आठ आठ दिवस ठाण मांडून बसते. चिखलात चालणाऱ्या गाडीचे वायरिंग हा स्वतंत्र विचाराचा विषय का व्हावा, ह्याचे पहिले कारण हे.

नागपूरच्या उत्तरेस सुमारे 35 किलोमीटरांवर, बैतुल-भोपाळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेल्या ह्या तहसिलीच्या पोटात दगडी कोळसा आहे, खाप्याजवळ गुमगावला मँगनीज आहे, आणि पाठीवर कापूस व संत्र्यांच्या बागा आहेत. त्यामुळे चिखलात चालणारे यंत्र हे येथे कोणाचे नवे खूळ नव्हे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणींतले डंपर पावसाळ्यात ज्या वाटांनी चढतात-उतरतात त्यांना रस्ता म्हणणे हा केवळ कागदोपत्री उपचार असतो. बागेतून संत्री काढणारा ट्रॅक्टर तर वर्षातले कित्येक दिवस अर्ध्या चाकापर्यंत गाळातच असतो. अलीकडे ह्या दोहोंच्या जोडीला तिसरा प्रकार आला आहे. जुनी महिंद्र जीप अथवा सैन्यातून निवृत्त होऊन लिलावात निघालेली जिप्सी घ्यावी, तिला उंच करावे, मोठ्या खाचांचे टायर चढवावेत, पुढे विंच बसवावी, आणि केवळ हौसेपोटी तिला चिखलात घालावी, असा हा नाद आहे. मलेशियात 1997 साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज ह्या स्पर्धेची भारतीय आवृत्ती 2014 पासून भर पावसाळ्यात गोव्यात भरू लागली, तेव्हापासून हा नाद आपल्याकडे चांगलाच फोफावला. शंकरपटात बैल पळवण्यासाठी जीव टाकणाऱ्या विदर्भाला त्याचे आकर्षण वाटावे ह्यात नवल नाही. मात्र पटाचा बैल दमला म्हणजे त्याच्या श्वासावरून, कानांवरून आणि डोळ्यांवरून गाडीवानाला उमजते. इंजिनाला ती सोय नाही. त्याचे आतले वर्तमान मीटरांनी सांगितले तरच कळते, आणि मीटर चुकीचे सांगत असतील तर कळत नाही, एवढेच नव्हे तर भलतेच कळते.

मराठी वाचकाच्या मनात सावनेर हे नाव राम गणेश गडकऱ्यांच्या अखेरीशी निगडित आहे. 23 जानेवारी 1919 रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. त्या गावातून तारा, फ्यूज आणि थिंबल ह्यांच्यावरील पुस्तिका निघावी हे काही रसिकांना अप्रशस्त वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या गावातले निम्मे संसार इंजिनावर चालतात तेथे इंजिनाविषयी शुद्ध, समजेल अशा मराठीत कोणी लिहू नये, आणि वायरमनने मात्र आपली सारी विद्या परभाषेतल्या अर्धवट समजलेल्या नकाशांवरून उचलावी, हीच खरी अप्रशस्त गोष्ट आहे.

मीटरांचा इतिहास फार लांबवण्याची गरज नाही, कारण ह्या पुस्तिकेपुरता तो एका गाडीच्या इतिहासात सामावतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने वापरलेल्या विलीज जीपच्या पत्र्याच्या फलकावर मधोमध वेगमापक होता, आणि त्याभोवती पेट्रोल, ऑइलचा दाब, पाण्याची उष्णता व विजेचा प्रवाह दाखवणारे चार लहान मीटर होते. एवढ्या पाच तबकड्यांवर ती गाडी वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या जंगलापर्यंत चालली. 1945 मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद ह्या पेढीने 1947 साली मुंबईत ह्याच विलीज जीपची जोडणी सुरू केली. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री होऊन गेले, 1948 मध्ये पेढीचे नाव महिंद्र आणि महिंद्र झाले, पण पत्र्याच्या फलकाची ती साधी मांडणी पुढे कित्येक दशके आपल्या रस्त्यांवर नांदत राहिली. त्या मांडणीत सौंदर्याचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही, आणि तरीही ती सुंदर आहे. आजच्या गाडीचा फलक म्हणजे एक अखंड पडदा असतो. त्यामागे संगणक असतो, आणि चालकाला काय कळावे व काय कळू नये ह्याचा निर्णय तो संगणक परस्पर घेतो. शहरातल्या रस्त्यावर ह्यात तक्रारीला जागा नाही. नाल्याच्या मध्यावर, इंजिन हाताने दुरुस्त करावयाचे असताना, ज्याच्या मागच्या तारा डोळ्यांना दिसतात आणि बोटांना लागतात असाच फलक उपयोगी पडतो.

मग त्या फलकावर असावे काय? माझे मत असे की, मीटर बसवण्यापूर्वी आपण इंजिनाला कोणते प्रश्न विचारणार आहोत ते आधी ठरवावे, आणि ज्या उत्तरावर चालक चालत्या गाडीत काही कृती करू शकत नाही तो प्रश्नच दप्तरी दाखल करू नये. ह्या कसोटीने वेगमापक पहिल्याच फेरीत बाद होतो. चिखलात चाके चाळीसच्या गतीने फिरत असतात आणि गाडी जागची हलत नसते. अशा वेळी तो काटा जे सांगतो त्याला वस्तुस्थितीचा आधार नसतो. पेट्रोलच्या मीटरची गोष्ट थोडीफार तशीच, कारण तिरक्या गाडीत टाकीतला तरंगता गोळा टाकीइतकाच तिरका असतो. टाकीत काठी बुडवून निघावे हे उत्तम. उरतात ते तीन प्रश्न : ऑइलचा दाब किती, पाणी किती तापले, आणि बॅटरीला पोट भरण्याइतके मिळते आहे की नाही.

ह्या तिघांच्या पंक्तीला मी आणखी एक तबकडी आग्रहाने बसवतो, आणि ती शिकवण आमच्या भागातील ट्रॅक्टरांनी व खाणीतल्या डंपरांनी दिलेली आहे. तिला अवर मीटर म्हणतात. इंजिन एकूण किती तास चालले एवढेच ती नोंदते. ट्रॅक्टरचे ऑइल कधी किलोमीटरांवर बदलत नाहीत, तासांवर बदलतात. कारण शेतात दिवसभर राबलेला ट्रॅक्टर अंतराच्या हिशेबाने जेमतेम गावाबाहेर गेलेला असतो. चिखलगाडीचा मामला हुबेहूब तोच असता, हौशी मंडळी तिचे ऑइल मात्र मोटारगाडीच्या रीतीने किलोमीटर मोजून बदलतात आणि बेअरिंग लवकर गेले म्हणून नशिबाला बोल लावतात. अवर मीटर स्वस्त असतो, त्याला दोन तारा लागतात, आणि तो इंजिनाच्या श्रमांची खरी रोजनिशी ठेवतो.

ऑइलच्या दाबाबद्दल थोडे सविस्तर लिहावयास हवे. इंजिनागणिक आकडे भिन्न असले तरी, गरम इंजिन मंद फिरत असताना सुमारे एक किलो आणि जोरात फिरत असताना तीन ते चार किलो, हा अंदाज जुन्या इंजिनांच्या बाबतीत फारसा फसत नाही. सपाट रस्त्यावर हा काटा कंटाळवाणा असतो. परंतु गाडी एखाद्या काठावर एका बाजूला कलंडत उभी चढू लागली म्हणजे तळपात्रातले ऑइल एका कोपऱ्यात जमते, ते ओढून घेणाऱ्या नळीचे तोंड क्षणभर उघडे पडते, पंप ऑइलऐवजी हवा गिळतो, आणि तीन किलोवर स्थिर असलेला काटा थरथरत शून्याकडे झुकतो. त्या क्षणी पाय सैल केला तर इंजिन वाचते. चढ जिंकण्याच्या ईर्ष्येने तसाच दाबून धरला तर बेअरिंगचा निकाल लागतो. आता अडचण अशी की, ह्याच क्षणी चालकाची नजर मीटरवर असण्याची शक्यता सर्वांत कमी असते. म्हणून मीटरच्या जोडीला एक मोठा लाल दिवा असावाच, आणि शक्य तर कर्कश बझरही. हा दिवा चालवणारा बटणवजा स्विच दाब उतरताच आपली तार इंजिनाच्या अंगाला, म्हणजे अर्थला, टेकवतो आणि दिवा पेटतो. किल्ली फिरवली, इंजिन अद्याप चालू नाही, अशा स्थितीत दिवा लागला पाहिजे. न लागला तर बल्ब गेला आहे किंवा तार तुटली आहे असे समजून गाडी जागेवरून हलवू नये. रोज सकाळी फुकटात होणारी ही तपासणी लोक करीत नाहीत, ह्याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

काट्यांच्या मांडणीविषयी शर्यतीच्या गाड्यांतील एक जुनी युक्ती येथे घेण्यासारखी आहे. मीटरची तबकडी फलकावर अक्षरे सरळ दिसतील अशीच बसवावी असा काही दंडक नाही. इंजिन निरोगी असताना ज्या आकड्यावर काटा राहतो तो आकडा बरोबर वर येईल अशा बेताने प्रत्येक तबकडी थोडी थोडी फिरवून बसवावी. मग तिन्ही काटे सावधान उभे असले की सर्व ठीक, आणि एक जरी कलला तरी आकडा न वाचता, नजरेच्या कोपऱ्यातून, ते ध्यानात येते. अक्षरे वाकडी दिसतात म्हणून पाहुणे हसतात, हसू द्यावे.

परंतु मीटर हा शेवटी साक्षीदार आहे, आणि त्याची जबानी घेण्यापूर्वी तो खोटे कोणत्या प्रसंगी बोलतो हे ठाऊक असले पाहिजे. हीटच्या काट्याचेच पाहा. इंजिनाच्या पाण्यात बुडालेला त्याचा सेन्सर उष्णता वाढली की विजेला कमी विरोध करतो, आणि त्या प्रमाणात काटा वर जातो. आता ती एकुलती तार मध्येच तुटली तर विरोध अनंत झाला, म्हणजे काटा थंड बाजूला निमूट पडून राहील. तीच तार सोलून पत्र्याला टेकली तर काटा एकदम लाल पट्ट्यात जाऊन बसेल. दुसऱ्या प्रकारात माणूस घाबरतो, उतरतो, बॉनेट उघडतो आणि इंजिन वाचते. पहिल्या प्रकारात तो खुशाल पुढे जातो. ऑइलच्या काही विजेच्या मीटरांत ह्याच्या उलट रीत असते : तार तुटली की काटा पूर्ण दाबावर जाऊन चिकटतो, आणि भोळा मालक इंजिनाच्या प्रकृतीवर खूश होतो. सर्वांत दगाबाज प्रसंग आणखीच निराळा आहे. रेडिएटरच्या पाकळ्यांत चिखल बसून पाणी उकळले आणि पाइपमधून बहुतेक निघून गेले, म्हणजे सेन्सर पाण्याबाहेर, नुसत्या वाफेत वा हवेत उघडा राहतो, आणि इंजिन जळण्याच्या बेतात असताना काटा खाली उतरू लागतो. पाणी टाकले नाही, गाडी थांबवली नाही, आणि तापलेला काटा आपोआप खाली आला, तर तो शुभशकुन मानू नये. तत्काळ इंजिन बंद करावे. आणि रेडिएटरचे झाकण मात्र तत्काळ उघडू नये, कारण दाबाच्या झाकणाखाली पाणी 100 अंशांच्या बरेच वर, 118 अंशांच्या सुमारास उकळते, व झाकण सैल होताच ते तोंडावर येते.

ह्यानंतर मी ज्या विषयाकडे वळतो तो ह्या पुस्तिकेचा गाभा आहे असे म्हणण्यास हरकत नाही. मीटर बिघडले म्हणून ते बदलण्यासाठी आणलेल्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांत मीटर निर्दोष असतात. बिघडलेली असते ती अर्थ. बॅटरीतून निघालेला प्रवाह तारेतून दिव्यापर्यंत जातो हे सर्वांना दिसते, पण तो परत बॅटरीकडे कसा येतो ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तो गाडीच्या पत्र्यातून, चौकटीतून आणि इंजिनाच्या लोखंडातून येतो. ह्या परतीच्या वाटेला नकाशात रेघ नसते, दुकानात तिचा भाव नसतो, आणि म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. वस्तुतः जीपचे इंजिन रबराच्या गादीवर बसलेले असते, बॉडीही रबराच्या गाद्यांवर असते, आणि मालकाने हौसेने चौकट तासून तिला दोन हात रंग दिलेला असतो. रबर आणि रंग ह्या दोहोंमधून वीज जात नाही. तेव्हा बॅटरीपासून इंजिनाला, इंजिनापासून चौकटीला, आणि चौकटीपासून बॉडीला अशा जाड विणलेल्या पट्ट्या जोडल्याखेरीज ही वाट पुरी होत नाही.

ती पट्टी तुटली म्हणजे काय होते ते एकदा डोळ्यांनी पाहावे. सेल्फ मारताच दोनअडीचशे अँपियरचा लोंढा परतीची वाट शोधू लागतो. मुख्य पट्टी नाही असे पाहून तो अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा इंजिन बंद करण्याच्या बारीक पोलादी केबलमधून घुसतो, केबल लाल होते, तिचे आवरण वितळते, आणि मालक अ‍ॅक्सिलरेटर जाम झाला अशी फिर्याद घेऊन मिस्त्रीकडे येतो. मिस्त्री केबल बदलतो. आठवड्याने तीच फिर्याद पुन्हा येते. ह्याहून सौम्य लक्षण असे की, रात्री हेडलाइट लावताच हीटचा काटा आपली जागा सोडतो. दिव्यांचा इंजिनाच्या उष्णतेशी काय संबंध? संबंध एवढाच की, दोघांची परतीची वाट एकाच गंजलेल्या नटावरून जाते आणि तेथे गर्दी होते. शिवाय सेन्सरची अर्थ कमकुवत झाली की त्याच्या विरोधात गंजाचा विरोध मिळतो, आणि आधी सांगितल्याप्रमाणे विरोध वाढला की काटा थंड बाजूला सरकतो. म्हणजे खराब अर्थ ही तापलेल्या इंजिनाला थंड म्हणवते. सेन्सरच्या आट्यांवर पाणी गळू नये म्हणून टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे चढवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण एकतारी सेन्सरची अर्थ त्या आट्यांतूनच जाते.

परीक्षा सोपी आहे. साध्या मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर धरावी (त्यावर कसलेल्या क्लँपवर नव्हे), दुसरी इंजिनाच्या उघड्या, घासून चकचकीत केलेल्या धातूवर टेकवावी, आणि कोणालातरी सेल्फ मारावयास सांगावे. काटा दोन-तीन दशांश व्होल्टच्या आत राहिला तर परतीची वाट साफ आहे. अर्धा व्होल्ट अथवा अधिक दिसला तर पुढचे काही तपासण्यापूर्वी पट्ट्यांचे नट सोडून, खालचा रंग लख्ख खरवडून, दातेरी वायसर घालून, ते पुन्हा आवळावेत आणि वरून ग्रीस फासावे. रंग खरवडताना मालकाच्या जिवाची तगमग होते हे मला मान्य आहे. मीटरांसाठी तर मी पत्र्यावर विसंबतच नाही. फलकामागे पितळेची एक पट्टी बसवून सर्व मीटरांच्या अर्थच्या तारा तीवर आणतो आणि तेथून एक स्वतंत्र तार थेट बॅटरीला नेतो.

बॅटरीच्या प्रकृतीसाठी अँपियरमीटर असावा की व्होल्टमीटर, ह्या प्रश्नावर आमच्याकडील जुन्या वायरमन मंडळींशी माझा मतभेद आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. त्यांचे प्रेम अँपियरमीटरवर आहे, कारण विलीजपासून तोच होता आणि तो येणारे-जाणारे दोन्ही दाखवतो. परंतु त्यासाठी गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह जाड तारेने फलकापर्यंत आणून परत न्यावा लागतो. डायनामोच्या काळात तो बेताचा होता, आजच्या अल्टरनेटरच्या काळात पन्नास-साठ अँपियरची ती तार चालकाच्या गुडघ्याजवळ सोलवटली तर आग लागते. व्होल्टमीटरला केसाएवढी तार आणि एक लहान फ्यूज पुरतो. इंजिन बंद असता 12.6 म्हणजे बॅटरी भरलेली, 12 म्हणजे जवळजवळ रिकामी, आणि इंजिन चालू असता 13.8 ते 14.4 म्हणजे अल्टरनेटर आपले काम करतो आहे, एवढे तीन आकडे पाठ असले की पुरे. विंच वापरताना त्याची खरी किंमत कळते. पूर्ण भाराखाली विंच तीनचारशे अँपियर ओढते, ही मागणी कोणताही अल्टरनेटर पुरवू शकत नाही, ती बॅटरीच्या गंगाजळीतून जाते, आणि केव्हा थांबून बॅटरीला उसंत द्यावी हे व्होल्टमीटरच सांगतो. चार्जिंगच्या लाल दिव्यालाही क्षुल्लक समजू नये. अनेक अल्टरनेटरांना जागे होण्यासाठी लागणारा पहिला प्रवाह त्या दिव्याच्या बल्बमधूनच मिळतो, आणि बल्ब उडाला की अल्टरनेटर झोपून राहतो.

तारांच्या जाडीचा हिशेब प्रत्येक वायरमन तोंडी सांगतो आणि क्वचितच मांडून पाहतो. शंभर वॉटचे दोन दिवे 12 व्होल्टांवर साधारण सोळा-सतरा अँपियर घेतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून हा प्रवाह चार मीटर नेला तर वाटेतच 0.4 व्होल्टहून अधिक हरवतात, आणि हीच तार पैसे वाचवण्यासाठी एक चौरस मिलिमीटरची घातली तर एक व्होल्टहून अधिक. दिवा पिवळा पडतो आणि तार तापते. म्हणून मोठा प्रवाह फलकापर्यंत आणूच नये. फलकावरील बटणाने बारीक तारेवरून रिले चालवावा, आणि जाड तार बॅटरीपासून रिलेमार्गे थेट दिव्यापर्यंत जावी. रिलेच्या पायांवर 30, 85, 86, 87 असे आकडे कोरलेले असतात : 30 वर बॅटरी, 87 वरून दिवा, आणि 85-86 ही गुंडाळीची दोन टोके. हे चार आकडे ज्याला कळले त्याला अर्धे वायरिंग कळले. फ्यूजविषयी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. फ्यूज दिव्याच्या वा मीटरच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो तारेच्या उगमापाशी, बॅटरीच्या जवळ असला पाहिजे, आणि त्याचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरला पाहिजे. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्याचा बंदोबस्त मी येथे शब्दांनी करू शकत नाही.

जोड सोल्डरने करावा की थिंबल दाबून, ह्यावर दोन पक्ष आहेत. सोल्डर तारेच्या रेशांत काही अंतर झिरपतो, तेवढा भाग कडक सळीसारखा होतो, आणि जेथे कडकपणा संपतो तेथे गाडीच्या थरथराटाने तार मोडते. म्हणून चांगल्या पकडीने दाबलेले थिंबल आणि त्यावर आतून डिंक असलेली आकुंचन पावणारी स्लीव्ह हा मार्ग मी पत्करतो. इन्सुलेशन टेप चिखलात दोन पावसाळे टिकत नाही. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या प्रत्येक तारेला रबरी ग्रोमेट असावा, कपलरांची तोंडे खाली असावीत, आणि कपलरकडे येणारी तार आधी थोडी खाली लोंबून मग वर चढावी, म्हणजे ओघळ त्या वळणावरून गळून पडतो. तापलेला कपलर थंड नाल्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि फटीतून पाणी आत ओढून घेते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. फ्यूजपेटी आणि रिले शक्य तितके उंच, बॉनेटखाली मागच्या भिंतीला लावावेत ते ह्यासाठी.

जुन्या डिझेल जीपवाल्यांना एक आश्वासन देता येते. त्यांचे इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचून चालते. सगळे वायरिंग जळून गेले तरी ती गाडी घरी येईल. ज्यांच्या पंपावर विजेने उघडा राहणारा सोलेनॉइड आहे त्यांच्यासाठी मात्र ती एक तार प्राणवाहिनी आहे, आणि तिला स्वतंत्र फ्यूज व स्वतंत्र वाट द्यावी.

कायद्याची बाजू थोडक्यात नमूद करतो. नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरबदल करण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ह्या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. केवळ मीटर वा तारा बदलल्याने हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, परंतु उंच केलेली, टायर बदललेली चिखलगाडी एमएच 40 ची पाटी लावून हमरस्त्यावर आणू नये. ती ट्रॉलीवर चढवून शेतापर्यंत न्यावी. ह्या पुस्तिकेतील सर्व सूचना तशा गाडीसाठी आहेत.

पुस्तिकेच्या क्रमाविषयी वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून शेवटी एक खुलासा. नाव मीटरांचे असूनही पहिले प्रकरण बॅटरी तोडण्याच्या मुख्य स्विचाचे आहे. चिखलात गाडी उलटते तेव्हा चालक पट्ट्यात अडकलेला असतो आणि मदतीला धावणारा बाहेर उभा असतो. म्हणून हा स्विच दोघांच्याही हाताला लागेल अशा जागी हवा, आणि बाहेर त्याच्याजवळ पांढऱ्या काठाच्या निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण रंगवलेली हवी, जी शर्यतींच्या मैदानावर जगभर ओळखतात. चालू इंजिनात नुसती बॅटरी तोडली तर अल्टरनेटर एकटाच पेट्रोल इंजिनाला वीज पुरवत राहतो, इंजिन थांबत नाही, आणि अकस्मात भार सुटल्याने अल्टरनेटरचे डायोड जळण्याचा धोका असतो. त्यासाठी इग्निशनही त्याच वेळी तोडणारा, जादा टोकांचा स्विच मिळतो, तोच घ्यावा. डिझेल इंजिनाला मात्र तोही पुरत नाही. तेथे पंपाची बंद करण्याची ओढकेबल फाटा काढून बाहेरपर्यंत आणावी लागते, आणि ती कशी आणावी ह्याची आकृती पहिल्या प्रकरणात प्रथमच दिली आहे.